यादीच्या आधी आलेला डबा

डबा आला तेव्हा यादी लागलेली नव्हती. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला मला चार वर्षं लागली, आणि या चारही वर्षांत मी स्वतःला बऱ्यापैकी हुशार समजत होते.

मी तेजल. लोणावळ्याच्या जवळ औंढ्यात राहते. चार वर्षं मी एकाच गोष्टीच्या मागे आहे, फिजिओथेरपीचं कॉलेज. उन्हाळ्यात नीटची परीक्षा द्यायची, पावसाळ्यात कॉलेजांची पसंती भरायची, मग वाट बघायची, मग यादी लागते आणि तिच्यात मी नसते. पहिल्या वर्षी मार्कच असे होते की रडायलाही तोंड नव्हतं. दुसऱ्या वर्षी थोडक्यात गेलं. तिसऱ्या वर्षी शेवटच्या फेरीत नंबर माझ्या अगदी डोक्यावर येऊन थांबला. त्या दिवशी मी मोबाइल अंगणात फेकला आणि थोड्या वेळानं मुकाट्यानं जाऊन चिखलातून उचलून आणला. गावात एक शहाणा आहे, तो भेटला की म्हणतो, तुम्हाला काय बाई, तुम्हाला रिझर्वेशन आहे. आहे ना. मग माझी सीट कुठं ठेवलीय तेवढं दाखव, मी जाऊन घेऊन येते.

मधल्या काळात घरी बसून डोकं फिरलं असतं म्हणून मी लोणावळ्यात स्नेहल मॅडमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मदतनीस म्हणून लागले. शेकायच्या पिशव्या तापवायच्या, मशीनचे पॅड लावायचे, म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवताना आकडे मोजायचे. किल्ल्यावर फोटो काढताना घसरलेले मुंबईचे लोक आणि दिवसभर उभं राहून चिक्की विकणारे आमचे लोक, असे दोनच प्रकारचे पेशंट. मॅडम चांगल्या आहेत. माझा हात चांगला आहे असं त्या म्हणतात आणि लगेच पुढं म्हणतात की नुसता हात चांगला असून भागत नाही, तो का लागू पडतो ते कळायला हवं. मला ते शंभर टक्के पटतं.

खरं तर गावात माझी ख्याती हाताची नव्हतीच, पायाची होती. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. आमच्याकडे कुणाच्या पाठीत उसण भरली आणि माणूस कंबर धरून जागच्या जागी अडकला, की त्याला पायाळू माणसाचा पाय लावतात. त्यानं जमिनीवर पालथं पडायचं, पायाळूनं त्याच्या पाठीवर उजवा पाय ठेवून दाबायचं, की उसण जाते. आमच्या घरात हे बसत नाही. छप्पन साली पणजोबांनी देव्हाऱ्यातले टाक इंद्रायणीत सोडले आणि ते बौद्ध झाले, तेव्हापासून नवस, कौल, उतारा यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत कामाला जाणारे माझे वडील तर या बाबतीत पोलिसासारखे आहेत. पण मी शाळेत असताना वरच्या वाडीचे नवशाआबा दोन माणसांच्या खांद्यावर लोंबकळत दारात आले, तेव्हा पप्पांच्याही तोंडून नाही निघालं नाही. म्हणाले, लाव पाय, शीर मोकळी होती एवढंच, त्यात देवाचं काय न्हाई.

मी पाय ठेवला. तळव्याखाली काहीतरी गोल आणि टणक लागलं, मळलेल्या पिठात राहून गेलेल्या गाठीसारखं. मी दाबलं तशी ती सरकली. मला वाटलं आता विरघळेल. ती विरघळली नाही. ती आबांच्या पाठीतून खाली उतरली आणि जमिनीत शिरली, आणि शिरल्यावरही बराच वेळ ती खाली खाली चालल्याचं मला पायाला कळत होतं. आबा उठले, हात वर करून अंग ताणलं, चहा प्यायले आणि आपल्या पायांनी डोंगर चढून गेले. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि का जेवले नाही ते कुणाला सांगितलंही नाही.

मग येणं सुरूच झालं. वाडीतली झाडून सगळी माणसं, दूधवाला, शेजारच्या गावचा ट्रॅक्टरवाला, एकदा तर माझी आईसुद्धा. प्रत्येकाची गाठ वेगळी लागायची, आणि प्रत्येक गाठ खाली जायची. पुढं अकरावीत बायोलॉजीच्या पुस्तकात स्नायू कसा आखडतो ते वाचलं आणि मला फार बरं वाटलं, कारण त्या प्रकाराला नाव होतं. पण आखडलेला स्नायू मोकळा होतो, तो जमिनीत जात नाही. मला ते सगळं नीट शिकायचं होतं, ज्यांना कळतं त्यांच्याकडून, कॉलेजात बसून. नाहीतर जन्मभर मी माझ्याच उजव्या पायाला घाबरत बसले असते. चार वर्षं मी तेच तेच दार वाजवत होते ते एवढ्यासाठी.

आता डब्याचं सांगते. यादी लागायच्या दिवशी दर वर्षी वाडीवरून आमच्याकडे डबा यायचा. नवशाआबांची सून संगीता लोणावळ्यात बंगल्यांवर साफसफाईला जाते, ती जाताजाता देऊन जायची. आत गावठी कोंबड्याचा रस्सा आणि फडक्यात गुंडाळलेल्या तांदळाच्या भाकरी. आई म्हणायची, पोरीचं मन राखायला पाठवतात बिचारे. पप्पा दोन घास जास्त जेवायचे आणि म्हणायचे, देव त्यांचा, कोंबडं आपलं. मीही खायची. यादीची धास्ती असली की मला भूक सणकून लागते आणि संगीतावहिनीच्या हाताला चव आहे.

यंदा यादी संध्याकाळी लागणार होती. भादव्याचे दिवस, मी सकाळी पायरीवर बसून दात घासत होते आणि धुक्यात समोरचा रस्ताही दिसत नव्हता. त्या धुक्यातून संगीतावहिनी आली आणि माझ्याशेजारी पायरीवर डबा ठेवला. मी विचारलं, आज कशाचं गं, यादी तर अजून लागायचीय. ती म्हणाली, आबांनी दिलाय, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. एरवी ही बाई बंगलेवाल्यांची नालस्ती केल्याशिवाय दारातून हलत नाही.

मी तोंड न धुताच आत गेले आणि आईला विचारलं, गेल्या वर्षी डबा कधी आला होता. आई जरा आठवून म्हणाली, "दुपारी त्योच जेवलो की. सांजच्याला तू फोन केलास, नंबर न्हाई लागला म्हणून, तवा मी डबा घासून पालथा घातला हुता." त्याच्या आधीच्या वर्षी? तिला तेही आठवलं, कारण त्या दिवशी पप्पा डबा घेऊनच दुसऱ्या पाळीला गेले होते. म्हणजे दर वर्षी डबा आधी आला होता आणि यादी नंतर लागली होती. आम्ही तिघंही दर वर्षी आधी जेवलो होतो आणि नंतर रडलो होतो, आणि एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

वरच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. आणि रेंज असली म्हणून काय झालं? न लागलेली यादी जगात कुणाच्या मोबाइलवर दिसते?

पप्पा घरीच होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि योगायोग म्हणून निकाल लावला. नंबर मार्कांवर लागतो, त्याचं कटऑफ मुंबईत बसून लावतात, वाडीतल्या कोंबड्याला विचारून लावत नाहीत. हे मलाही माहीत होतं. मी डबा उचलला आणि चपला घातल्या तेव्हा मात्र ते उठून दारात आले. "नको जाऊस, तेजू," ते म्हणाले. "इचारायला गेलीस म्हंजी तू मानलंस." ते बरोबर बोलत होते. पण माझा स्वभाव असा, की राग आला की पाय आधी चालायला लागतात. डबा न उघडता मी तसाच घेऊन निघाले.

वाडीची वाट भातखाचरांच्या बांधावरून जाते आणि मग झाडीत शिरून उभी चढते. या वाटेनं मी लहानपणापासून शेकडो वेळा गेले असेन. त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की पुढच्या वळणावरचं झाड जवळ गेल्यावरच झाड आहे असं कळायचं. पाखरू बोलत नव्हतं. वाडीत पोचले तर माणसं दारादारात होती, पण मला बघून कुणी हाक मारली नाही. मी पाय लावलेली माणसं होती ती, प्रत्येकाची पाठ मला ओळखीची. मी जवळून गेले की एकेक जण उठून आत जायचा. एक म्हातारी तेवढी बाहेर राहिली आणि तिनं मला हात जोडले. ओळखीच्या माणसाला नमस्कार करताना जोडतात तसे नाहीत, पाया पडायच्या आधी जोडतात तसे. मला ते अजिबात आवडलं नाही.

नवशाआबा त्यांच्या ओट्यावर बसले होते. वाडीच्या वतीनं देवाशी बोलायचं काम त्यांच्या घराण्यात आहे. दाराशी ओल्या मातीला कोंबड्याची पिसं चिकटली होती. त्यांनी आधी माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं आणि विचारलं की खाल्लं नाहीस का. मी डबा ओट्यावर आदळला आणि म्हटलं, यादी लागायच्या आधी तुम्हाला कसं कळतं ते आधी सांगा.

त्यांनी सांगितलं. लपवलं नाही, आडवळण घेतलं नाही. मी पुन्हा परीक्षा दिली असं कानावर आलं की दर वर्षी वाडी डोंगरच्या देवाला नवस बोलायची, पोरीला जाऊ देऊ नको, कोंबडं देतो. मग यादीच्या दिवशी पहाटे देवाला कौल लावायचा. शेंदराच्या दगडाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. पोरगी राहील का असं विचारलं की दर वर्षी उजवी पडायची. मग तिथंच कोंबडं कापायचं आणि माझा वाटा मला पाठवायचा. "तुज्या नावाचं कोंबडं," आबा म्हणाले. "तुला न्हाई द्यायचं तर कुनाला द्यायचं?"

 तीन वर्षं मी माझ्याच अपयशाचा रस्सा भाकरी कुस्करून खाल्ला होता, आणि वर चव आहे म्हटलं होतं. मग मी जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. तुमच्या एकेकाला मी उभं केलं, एक पैसा घेतला नाही, आणि तुम्ही माझ्या मुळावर उठलात, असं बरंच काही. आबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी दमल्यावर ते म्हणाले, "मार्कं तुजी देवानं पाडली का तुजी तूच पाडलीस, त्ये मला कळत न्हाई, पोरी. आमी नुसतं मागितलं."

हे मला फार लागलं, कारण ते मलाही कळत नव्हतं.

मी विचारलं, का पण. लोणावळ्यात दवाखाने आहेत, मॅडम आहेत, सरकारी हॉस्पिटल आहे. मला वाटलं ते म्हणतील, जायला गाडी नाही, द्यायला पैसे नाहीत, आणि त्यावर काय बोलायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं. आबांनी वेगळंच विचारलं. "तू दाबतीस त्ये जातं कुटं, कधी इचारलंस?"

 गाठी खाली जातात हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

आबा काठी घेऊन उठले आणि वाडीच्या मागं चालू लागले. मी त्यांच्या मागून गेले. जांभळीखाली तो दगड आहे. त्या देवाला नाव विचारलं तर वाडीतला प्रत्येक माणूस वेगळं सांगतो, म्हणून मीही सांगत नाही. आबा म्हणाले, चपला काढ. मी म्हटलं, मी तुमच्या देवाला मानत नाही. ते म्हणाले, मानू नको, नुसती हुबी ऱ्हा.

मी चपला काढल्या. वर गवत गार होतं आणि खालची जमीन कोमट होती. आधी वाटलं मुळं असतील. मग उजव्या तळव्याखाली एक गाठ सरकली आणि मी ती ओळखली. आबांची होती, शाळेत असताना दाबलेली, माझी पहिली. तिच्या मागून दुसरी आली, दूधवाल्याची. मग ट्रॅक्टरवाल्याची, मग त्या हात जोडणाऱ्या म्हातारीची, मग माझ्या आईची. सगळ्या तिथं होत्या. माझ्या पायाखालची जमीन पालथ्या माणसाच्या पाठीसारखी होती आणि ती पाठ गाठींनी भरलेली होती. जनावर ओळखीच्या माणसाच्या हाताला नाक लावतं तशा त्या एकेक करून माझ्या तळव्याला येऊन लागत होत्या. मी पाय उचलला तेव्हा त्या जागची माती जराशी वर आली आणि परत खाली बसली.

आबा म्हणाले की देवाला आता सवय लागलीय. मी गेले आणि माझ्या पायाखालून त्याच्याकडे जाणारं थांबलं, तर तो आधीचं सगळं परत देईल, ज्याचं त्याला, एका दिवसात. वाडीत तान्ही पोरं असलेल्या बाया आहेत, बैल हाकणारे एकटे गडी आहेत. सगळी आडवी झाली तर त्यांना पाणी कोण देणार. "आमी भ्यालो," ते म्हणाले. "दुसरं काय न्हाई."

"मग मी काय तुमच्या देवाचा डबा हाय?" मी विचारलं. माझा आवाज रडका निघाला, आणि मला रडायचं नव्हतं. "ह्यानं खात बसायचं आन् मी हितं सडायचं? मला शिकायचंय, आबा. ह्ये काय हाय, त्येच मला शिकायचंय."

 आबांनी वाकून, कंबर धरून, दगडाशेजारचा तेरडा तोडला. दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि दगडाच्या उजव्या-डाव्या बाजूला एकेक चिकटवली. हात जोडून त्यांनी मोठ्यानं विचारलं, पोरीला सोडतोस का. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. आम्ही उभे राहिलो. धुकं दगडावरून वाहत होतं आणि वाडीतून एकही आवाज येत नव्हता. मग डावी पाकळी कडेनं सुटायला लागली. वारा नव्हता. मला अगदी स्पष्ट दिसत होतं, तिचं एक टोक दगडापासून दूर झालं होतं.

आबा पुढं झाले आणि दगडाला दोन्ही हात लावून भराभर बोलले. "पोरीला सोड. बदली माजी पाठ घे. कुनाचं कुनाला माघारी देऊ नको, समदं माज्यात ठेव."

मी म्हटलं, आबा, हे काय भलतंच बोलता. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली.

मला तिथून निघायचं होतं, एवढंच मला कळत होतं. उतरताना मी स्वतःला समजावत होते. ओली पाकळी आहे, कधीतरी पडणारच. जमीन कोमट असते, खाली काहीतरी कुजत असतं. आणि मी इतकी वर्षं तेच तेच मनात घेऊन फिरत होते, पायाला काहीही वाटेल. पप्पांसारखं बोलायचा मी फार प्रयत्न केला. खाचरं जवळ आली तिथं रेंज येते. मोबाइल एकदम थरथरायला लागला, मॅडमचे फोनवर फोन येऊन गेले होते. यादी दुपारीच लागली होती.

माझं नाव होतं. मी ते तीनदा वाचलं, मग माझा नंबर ताडून बघितला, मग कॉलेजचं नाव वाचलं. पुण्याचं कॉलेज, फिजिओथेरपी. मी बांधावर बसले आणि मोठमोठ्यानं हसले. वरचं सगळं त्या क्षणी मी विसरले होते. मला इतका आनंद झाला होता की काय करावं ते सुचेना, म्हणून मी बांधावरचं गवत उपटत बसले. घरी गेले तर आईनं मला धरून रडून घेतलं. पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बगितलंस? मार्कं लागतात." मी हो म्हटलं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांच्याकडून ते वाक्य काढून घ्यायचा मला काही हक्क नव्हता. ते लगेच गाडी काढून लोणावळ्याला पेढे आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरीवर बसले होते. धुकं गेलं होतं आणि डोंगर वरपर्यंत स्वच्छ दिसत होता. संगीतावहिनीची जायची वेळ झाली, टळून गेली, आणि ती आली नाही. मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि आईला वाडीवर देऊन येते म्हणून सांगितलं.

वाडीत सगळं ठीक होतं. बाया डोक्यावर हंडे घेऊन ताठ चालत होत्या. एक गडी लाकडाचा ओंडका एकट्यानं उचलत होता. काल हात जोडणारी म्हातारी अंगण झाडत होती, वाकून, कंबरेला हात न लावता. मला बघून या वेळी सगळ्यांनी हाक मारली, पण ओट्यावर आबा नव्हते. संगीतावहिनी दारात आली. काल मी डोंगर उतरले आणि आबा पडले, असं तिनं सांगितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ते आत गोधडीवर पालथे पडले होते, पाय लावून घ्यायला पडतात तसेच, फक्त त्यांचे हातही अंगाशी जागच्या जागी अडकले होते. मी सवयीनं उजवा पाय त्यांच्या पाठीवर ठेवला. खाली काहीच सरकलं नाही. मी दाबलं, आणखी दाबलं. माझा पाय साधा पाय झाला होता, कुणाचाही असतो तसा. मग मी गुडघ्यावर बसले आणि क्लिनिकमध्ये बसते तसं दोन्ही हात ठेवले. मानेपासून कंबरेपर्यंत बोटभर जागा रिकामी नव्हती. सगळ्या गाठी तिथं होत्या, एकीला लागून एक, आणि मी त्या सगळ्या ओळखत होते. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, एवढी लाज वाटत असतानाही नंबर लागल्याचा आनंद माझ्यातून गेला नव्हता. दोन्ही एकदम आत होते आणि त्याचं काय करायचं ते मला येत नव्हतं.

मी म्हटलं, मॅडमना बोलावते, गाडी करून हॉस्पिटलात नेते. आबा नको म्हणाले. हलवलं तर यातलं काही निसटेल आणि ज्याचं त्याच्याकडे जाईल, याची त्यांना भीती होती. ते सांगताना त्यांचा श्वास पुरत नव्हता. मग त्यांनी विचारलं, "लागला का नंबर?"

"लागला, आबा."

"किती वर्साचं हाय त्ये?"

"साडेचार वर्षं."

त्यांनी डोळे मिटले. गोधडीवर टेकलेला त्यांचा गाल जरा हलला, ते मनातल्या मनात हिशोब करत असावेत. हाताखाली गाठी सावकाश फिरत होत्या, आणि त्यातली एखादी कडेला आली की आबा दात आवळून तिला परत आत घेत होते.

"तवर धरतो मी," ते म्हणाले. "तू नीट शिकून ये."

त्यांना मान वळवता येत नव्हती. म्हणून मी त्यांच्याशेजारी जमिनीवर आडवी झाले आणि पेढा मोडून त्यांच्या तोंडात घातला.